शेवटच्या चार वर्षांची फी

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल नववी-दहावीत गेलं आणि त्याला जीवशास्त्राची गोडी आहे असं दिसू लागलं, की ‘बीएस-एमडी’ हा विषय जेवणाच्या टेबलावर येतो. शाळा संपतानाच एक अर्ज करायचा, मुलाखत द्यायची आणि पदवी व डॉक्टरकी या दोन्हींची जागा एकदम पक्की करायची, अशी ही सोय. जे आईवडील स्वतः बारावीनंतर एमबीबीएसला गेलेल्या वर्गमित्रांसोबत वाढले, त्यांना ही वाट ओळखीची वाटते. आधी चार वर्षं कॉलेज, मग परीक्षा, मग पुन्हा अर्ज आणि त्यातही जागा मिळेलच असं नाही, ही अमेरिकेतली रूढ पद्धत त्यांना अंधारात चालल्यासारखी वाटते. महाविद्यालयीन शिक्षणाच्या खर्चाचं नियोजन करण्यात कुटुंबांना मदत करणं हे माझं न्यू जर्सीतलं काम आहे, आणि या कामात बीएस-एमडीच्या याद्या सतत समोर येतात. कुठे नावाच्या वजनाप्रमाणे क्रम लावलेला असतो, कुठे सहा, सात, आठ अशा वर्षांप्रमाणे. पूर्ण मुदतीच्या खर्चाप्रमाणे लावलेली यादी मात्र क्वचितच दिसते. खर्चाचा रकाना असलाच तर त्यात पदवीच्या पहिल्या वर्षाची फी आणि त्यातून वजा केलेली शिष्यवृत्ती एवढंच असतं. माझं म्हणणं असं, की परवडणारा बीएस-एमडी ओळखायचा असेल तर यादी उलट्या टोकाकडून वाचायला हवी. आधी शेवटच्या चार वर्षांची फी पाहावी आणि पदवीच्या वर्षांची शिष्यवृत्ती त्यानंतर.

याचं कारण या अभ्यासक्रमांच्या बांधणीत आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण कॉलेजनंतर घ्यायचं, ही रीत १९१०च्या फ्लेक्सनर अहवालानंतर पक्की झाली. त्या अहवालाने त्या वेळच्या कित्येक सुमार वैद्यकीय शाळांचे वाभाडे काढले, आणि विज्ञानाचं पक्कं शिक्षण घेतलेल्यांनाच पुढे प्रवेश मिळावा हा आग्रह रुजवला. बीएस-एमडी हा या रीतीला केलेला अपवाद आहे. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या वैद्यकीय शाळेने १९७१मध्ये सहा वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम सुरू केला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७३मध्ये सोफी डेव्हिस कार्यक्रम सुरू झाला, आणि गरजू वस्त्यांना डॉक्टर मिळावेत हा त्याचा हेतू होता. पुढे अनेक विद्यापीठांनी असे कार्यक्रम काढले आणि काहींनी ते बंदही केले. नॉर्थवेस्टर्नचा नावाजलेला कार्यक्रम आज नव्या विद्यार्थ्यांना उपलब्ध नाही. नाव एकत्रित असलं तरी बहुतेक ठिकाणी व्यवहार दोन संस्थांशी असतो, हे पालकांच्या लक्षात येत नाही. द कॉलेज ऑफ न्यू जर्सीमध्ये तीन वर्षं काढून विद्यार्थी नेवार्कच्या मेडिकल स्कूलमध्ये जातो, तेव्हा संस्था बदलते, फी बदलते, मदतीचं कार्यालय बदलतं आणि मदतीचे नियमही बदलतात. पदवीच्या वर्षांसाठी मिळालेली गुणवत्ता शिष्यवृत्ती कॉलेजची असते, ती मेडिकल स्कूलच्या दारापर्यंत येते आणि तिथेच संपते.

मार्च-एप्रिलमध्ये येणारं मदतीचं पत्र हातात घेऊन पाहावं. वर एक ठळक आकडा असतो, वर्षाचा एकूण खर्च. त्यात शिकवणी फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास आणि किरकोळ खर्च धरलेला असतो. त्याखाली मदतीच्या ओळी एकाखाली एक येतात: प्रेसिडेन्शियल स्कॉलरशिप, एखादं अनुदान, वर्क-स्टडी, विद्यार्थ्याच्या नावावरचं सरकारी कर्ज आणि कधी कधी आईवडिलांच्या नावावरचं पेरेंट प्लस कर्जसुद्धा. हे सगळं एकाच रकान्यात बेरजेला घेतलेलं असतं आणि तळाशी उरलेला आकडा छोटा दिसतो. त्या बेरजेतल्या दोन ओळी फुकटच्या पैशाच्या असतात आणि दोन व्याजाने परत करायच्या पैशाच्या, हे पेन्सिलीने वेगळं करून पाहिलं की तळचा आकडा बदलतो. शिष्यवृत्तीच्या ओळीपाशी बारीक अक्षरांत अट असते: अमुक जीपीए राखला तर, आणि जास्तीत जास्त आठ सत्रं. सात वर्षांच्या कार्यक्रमात कॉलेजात सहाच सत्रं असतात, म्हणजे उरलेल्या दोन सत्रांची शिष्यवृत्ती कधीच मिळत नाही. मेडिकल स्कूलच्या चार वर्षांबद्दल या पत्रात एक शब्दही नसतो. अठरा वर्षांच्या मुलाचा सात-आठ वर्षांचा निर्णय ज्या कागदावर होतो, त्या कागदावर जास्त महाग असलेला भाग छापलेलाच नसतो.

तो भाग किती महाग आहे? अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२५मध्ये बाहेर पडणाऱ्या वर्गासाठी चार वर्षांचा मध्यक खर्च सार्वजनिक शाळेत सुमारे २ लाख ८६ हजार डॉलर आणि खासगी शाळेत सुमारे ३ लाख ९० हजार डॉलर होता. हा राहण्या-खाण्यासकटचा आकडा. आत्तापर्यंत हा खर्च कितीही असला तरी सरकारी कर्ज पुरत असे, कारण २००६पासून ग्रॅड प्लस नावाचं कर्ज शाळेने ठरवलेल्या पूर्ण खर्चापर्यंत मिळत होतं. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने ते दार बंद केलं. १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस मिळणार नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरच उचलता येतील. आईवडिलांच्या पेरेंट प्लस कर्जालाही मर्यादा आली आहे: एका मुलामागे वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजार. आज बारावीत असलेला मुलगा मेडिकल स्कूलला पोहोचेल तेव्हा तो पूर्णपणे या नव्या नियमांखाली असेल. खासगी शाळेत गेला तर मध्यक खर्च आणि सरकारी मर्यादा यांच्यात जवळजवळ १ लाख ९० हजारांची दरी पडते. ती खिशातून भरायची, किंवा खासगी बँकेकडून, बहुधा आईवडिलांच्या सहीवर. सार्वजनिक शाळेत हीच दरी ८६ हजारांची असते, आणि घरून येजा करता आली तर त्याहून लहान.

व्याजाचंही पाहायला हवं, कारण ‘पुढे डॉक्टर झाल्यावर फेडेल’ हे वाक्य व्याज न मोजता उच्चारलं जातं. २०२५-२६ सालासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जाचा दर ७.९४ टक्के होता, आणि हे व्याज पैसे हातात पडल्या दिवसापासून चढतं. दर तेवढाच धरला आणि दर वर्षाच्या सुरुवातीला ५० हजार उचलले, तर पदवी मिळेपर्यंत २ लाखांवर सुमारे ४० हजारांचं व्याज झालेलं असतं. पुढे रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची, तीन ते सात वर्षं, ज्यात पगार सुरुवातीला ६०-७० हजारांच्या आसपास असतो, त्या काळात मूळ रकमेवरचं वर्षाचं व्याज जवळजवळ १६ हजार. परतफेडीच्या योजनांमध्ये काही सवलती आहेत. ना-नफा इस्पितळात दहा वर्षं नोकरी करून १२० हप्ते भरले तर उरलेलं सरकारी कर्ज माफ करणारी २००७पासूनची योजनाही आहे, आणि तिच्यात रेसिडेन्सीची वर्षंही धरली जातात. पण ही माफी सरकारी कर्जालाच लागू आहे. दरी भरायला काढलेल्या खासगी कर्जाला ती लागू होत नाही. म्हणून ती दरी किती, हाच आता खरा प्रश्न झाला आहे.

या दृष्टीने पाहिलं तर परवडणारे कार्यक्रम कोणते, याचं उत्तर बरंचसं घराच्या पत्त्यावर अवलंबून असतं. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्याला सिटी युनिव्हर्सिटीच्या चार वर्षांच्या कॉलेजांत पदवीची शिकवणी फी वर्षाला सात हजार डॉलरहून थोडी कमी पडते. सोफी डेव्हिसचा वारसा चालवणारा सात वर्षांचा कार्यक्रम आणि ब्रुकलिन कॉलेजचा आठ वर्षांचा बीए-एमडी हे दोन्ही याच फीवर उभे आहेत, आणि दोघांचा वैद्यकीय टप्पाही सार्वजनिक संस्थेतच आहे. न्यू जर्सीत द कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांच्या वाटा राज्याच्याच मेडिकल स्कूलकडे जातात. तिथे फी रहिवाशाच्या दराने लागते आणि नेवार्कला बऱ्याच जणांना घरून जाता येतं. न्यू मेक्सिकोत राज्याच्या पैशावर चालणारा बीए-एमडी दरवर्षी सुमारे २८ मुलं घेतो, आणि त्यांनी पुढे त्याच राज्याच्या खेड्यापाड्यांत काम करावं ही त्यामागची अपेक्षा आहे. टेक्ससमध्ये तर वैद्यकीय टप्पाच देशातल्या स्वस्तांपैकी आहे. राज्याच्या रहिवाशाला सरकारी मेडिकल स्कूलची शिकवणी फी वीस हजारांच्या आसपास पडते, आणि दहातल्या नऊ जागा कायद्याने रहिवाशांसाठी आहेत. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांसाठी तिथे २००१पासून जॅम्प ही योजना चालते. कॉलेजात गेल्यावर तिच्यासाठी अर्ज करायचा, आणि अटी पाळल्या तर राज्यातल्या एखाद्या मेडिकल स्कूलमध्ये जागा मिळते. तिला कोणी बीएस-एमडी म्हणत नाही, म्हणून ती याद्यांत नसते. न्यूयॉर्कमधल्या बफेलोसारख्या ठिकाणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अर्ज करून मेडिकलची जागा आधीच मिळवता येते, तीही याद्यांत नसते. स्वस्त सरकारी कॉलेजात रुळायचं, डॉक्टरच व्हायचं आहे का हे एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी नीट समजून घ्यायचं आणि मग जागा पक्की करायची, ही वाट मला तर सतराव्या वर्षीच्या बांधिलकीपेक्षा शहाणपणाची वाटते.

उलट बाजूला ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा कार्यक्रम पाहावा. आयव्ही लीगमध्ये असा हा एकमेव. ब्राउन गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाही, गरजेवर देते, आणि ती उदार असते. मध्यम उत्पन्नाच्या घरातल्या मुलाची पदवीची चार वर्षं राज्याच्या सरकारी कॉलेजापेक्षाही स्वस्तात होऊ शकतात. पुढची चार वर्षं मात्र ब्राउनच्याच खासगी मेडिकल स्कूलमध्ये, खासगी दराने. तिथे मदतीचा हिशोब वेगळा असतो. सरकारी कर्जासाठी वैद्यकीय विद्यार्थी स्वतंत्र मानला जातो, तरी बहुतेक मेडिकल स्कूल स्वतःच्या निधीतून अनुदान देताना आईवडिलांचं उत्पन्न विचारतात. बावीस-तेवीस वर्षांच्या, कदाचित लग्न ठरलेल्या मुलालाही. पदवीच्या वेळी धाकटा भाऊ शाळेत होता, आता तो कॉलेजात आहे, आई पुन्हा नोकरीला लागली आहे, आणि घराचं कर्ज निम्मं फिटलं आहे. या सगळ्याने गणित बदलतं. ब्राउन वाईट निवड आहे, असं मी म्हणत नाही. पहिल्या चार वर्षांच्या स्वस्ताईवरून आठ वर्षं स्वस्त पडतील असा निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच मी म्हणतो. तीच गोष्ट राज्याबाहेरच्या सार्वजनिक कार्यक्रमांची. सहा वर्षांत डॉक्टर करणारा कॅन्सस सिटीचा कार्यक्रम मिसुरीच्या मुलाला एका भावाने पडतो आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मुलाला त्याहून बऱ्याच चढ्या भावाने. ‘सार्वजनिक’ हा शब्द परक्या राज्यातल्या माणसाची फी कमी करत नाही.

आकडे मांडून पाहिले की फरक दिसतो. समजा खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च ८८ हजार आहे आणि शिष्यवृत्ती २५ हजारांची आहे. सात वर्षांच्या कार्यक्रमात पहिली तीन वर्षं १ लाख ८९ हजारांना पडतात, त्यापुढे खासगी मेडिकल स्कूलचे ३ लाख ९० हजार, एकूण ५ लाख ७९ हजार. तोच मुलगा आपल्या राज्याच्या विद्यापीठात वर्षाला ३६ हजारांत चार वर्षं राहिला आणि नेहमीच्या वाटेने राज्याच्या मेडिकल स्कूलमध्ये गेला, तर एकूण ४ लाख ३० हजार होतात. एक वर्ष जास्त लागूनही दीड लाख कमी. आणि राज्यातलाच सात वर्षांचा कार्यक्रम मिळाला तर ३ लाख ९४ हजार. यातली २५ हजारांची शिष्यवृत्ती नातेवाइकांना सांगताना फार मोठी वाटते. तीन वर्षांत ती ७५ हजार होते, आणि खासगी व सार्वजनिक मेडिकल स्कूलमधला फरक एकट्यानेच १ लाखाच्या वर जातो.

यावर पहिला आक्षेप येतो तो खात्रीचा. आकडे ठीक आहेत, पण नेहमीच्या वाटेने प्रवेशच मिळाला नाही तर? हा आक्षेप पोकळ नाही. दरवर्षी सुमारे ५२ हजार जण अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास जागा भरतात. निम्म्याहून जास्त मुलं त्या वर्षी घरी राहतात. पण बीएस-एमडीची जागा मिळवू शकणारी मुलं या सरासरीतली नसतात. ज्यांचा कॉलेजातला जीपीए ३.८च्या वर आणि एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेचे गुण सर्वांत वरच्या गटात, अशा अर्जदारांमध्ये चारातल्या तिघांहून जास्त जणांना कुठेतरी प्रवेश मिळतो. सतरा वर्षांचं मूल पुढे तसे गुण मिळवेल याची खात्री नाही, हे खरं. पण तशी खात्री बीएस-एमडीलाही लागते. बहुतेक कार्यक्रम ३.५च्या आसपासचा जीपीए राखण्याची अट घालतात, कित्येक एमकॅटचे किमान गुण मागतात, आणि अट मोडली की मेडिकलची जागा जाते व महाग पदवी तेवढी हातात राहते. म्हणजे विकत घेतलेली हमी सशर्त आहे. विमा घेताना हप्ता नुकसानीच्या प्रमाणात आहे का, हे आपण पाहतोच. इथलं नुकसान बहुतेकदा एका वर्षाचं असतं, कारण पहिल्या वेळी न मिळालेला चांगला विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतो. एका वर्षाची डॉक्टरची कमाई, कर जाऊन, दीड लाख धरा. ते वर्ष जाण्याची शक्यता अगदी निम्मी धरली, तरी हमीची किंमत ७५ हजारांच्या आसपास येते. सार्वजनिक मेडिकल स्कूलचा एका वर्षाचा खर्चही तेवढाच आहे. म्हणून माझं माप असं आहे: हमीसाठी मोजायची जास्तीची रक्कम आपल्या राज्याच्या मेडिकल स्कूलच्या एका वर्षाच्या खर्चापुढे जाऊ नये. त्याच्या आत असेल तर हमी जरूर घ्यावी, मुलाची आणि घरादाराची झोप हीसुद्धा मोलाची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप वर्ष वाचण्याचा. सात वर्षांत झाला तर एक वर्ष आधी कमावू लागेल, ते उत्पन्न का धरत नाही? धरायलाच हवं, आणि वरच्या उदाहरणात ते धरलं तर खासगी सात आणि सार्वजनिक आठ यांतलं अंतर जवळजवळ मिटतं. इथवर आक्षेप बरोबर आहे. पण वर्ष वाचवणं ही खासगी कार्यक्रमांची मक्तेदारी नाही. राज्यांचे सात वर्षांचे कार्यक्रम आहेतच. शिवाय हायस्कुलात घेतलेले एपी विषय सरकारी विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी श्रेयांकांत मिळतात आणि पदवी तीन वर्षांत होऊ शकते. फक्त मेडिकल स्कूलला लागणारे विज्ञानाचे विषय एपीवर भागवू नयेत, कित्येक ठिकाणी ते चालत नाहीत. काही मेडिकल स्कूलनी तीन वर्षांचा एमडीही सुरू केला आहे. टेक्सस टेकचा कौटुंबिक वैद्यकाचा जलद मार्ग त्यासाठी ओळखला जातो. दुसरं असं, की वाचलेल्या वर्षाची कमाई दहा-बारा वर्षांनी येते आणि कर्ज पहिल्या दिवसापासून चढतं. आणि खासगी कर्जावर सही करणाऱ्या बापाची पन्नाशी उलटलेली असते. त्याच्या निवृत्तीचा निधी या हिशोबात कुठेच नोंदलेला नसतो, पण तारण तोच असतो. कुटुंबाच्या वतीने बोलायचं तर मला ही बाजू सर्वांत जड वाटते.

तिसरा आक्षेप नावाचा. युएसएमएलई या परवाना परीक्षेची पहिली पायरी जानेवारी २०२२पासून फक्त पास-नापास झाली. तेव्हा आता रेसिडेन्सीसाठी शाळेच्या नावाला महत्त्व आलं, असं म्हटलं जातं. त्वचारोग, अस्थिरोग, मेंदूची शस्त्रक्रिया अशा चुरशीच्या शाखांपुरतं यात तथ्य आहे. पण दुसऱ्या पायरीचे गुण अजून आकड्यांत येतात, आणि २०२४च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकेतल्या एमडी शाळांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्के लोकांना जागा मिळाली. त्यात राज्याच्या साध्या शाळांतली मुलंही आहेत. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ शाळांबद्दल आपल्या लोकांत अजूनही कुजबुज असते. पण त्यांचा आकडा ९२.३ टक्के होता, आणि २०२०पासून दोन्हींची रेसिडेन्सी एकाच छत्राखाली आहे. परवान्यात आणि औषधं लिहून देण्याच्या अधिकारात फरक नाही. पेनसिल्व्हेनियातलं लेक एरी कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन कित्येक कॉलेजांशी करार करून मुलांना आधीच जागा देतं, आणि खासगी शाळांमध्ये त्याची फी सर्वांत कमी गटात असते. ज्या घराला सात-आठ वर्षांचा खर्च पेलायचा आहे, त्याने डीओ हा पर्याय यादीतून काढून टाकणं मला पटत नाही. त्यामानाने भारतात अनिवासी कोट्यातून एमबीबीएस करून परत येण्याचा विचार फार जपून करावा. त्याच २०२४मध्ये परदेशी शाळेतून शिकलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी ६७ टक्के लोकांनाच जागा मिळाली. अभिमत विद्यापीठांतल्या अनिवासी कोट्याची फी पाहता ही वाट स्वस्त आहे, असंही सरसकट म्हणता येत नाही.

एका गोष्टीबद्दल मला विशेष काळजी वाटते, आणि ती आपल्या लोकांच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त येते. ज्यांचे आईवडील एच-वन बी व्हिसावर आहेत आणि ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, ती मुलं इथेच वाढली, इथल्याच शाळेत पहिली आली, तरी कागदावर एच-फोर, म्हणजे आईवडिलांवर अवलंबून असलेल्या व्हिसावर असतात. त्यांना सरकारी कर्ज मिळत नाही. बरेच बीएस-एमडी कार्यक्रम नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक यांच्याशिवाय अर्ज घेत नाहीत, आणि मेडिकल स्कूलमध्येही अशांना दारं मोजकीच. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो. अठराव्या वर्षी सात वर्षांचा कार्यक्रम सुरू केलेलं मूल वैद्यकीय टप्प्याच्या उंबरठ्यावर उभं असतं, तेव्हाच हे घडतं. त्याला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याबरोबर राज्याच्या रहिवाशाची फी काही ठिकाणी जाऊ शकते. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. म्हणून या घरांनी कार्यक्रम निवडण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारावेत: व्हिसा बदलला तर मेडिकलची राखीव जागा राहील का, आणि फी कोणत्या दराने लागेल. तोंडी उत्तरावर विसंबू नये. प्रवेश कार्यालयातला माणूस भल्या मनाने ‘हो, काही अडचण नाही’ म्हणतो, पण तीन वर्षांनी फीचं बिल तो काढत नसतो.

सेवेच्या बदल्यात मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांचा विचार मुलाच्या मनाचा कल पाहूनच करावा. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर प्राथमिक वैद्यक निवडून डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करणाऱ्यांची फी भरते. सैन्यदलांची शिष्यवृत्तीही तशीच आहे, आणि बेथेस्डाच्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठात फी नसतेच, उलट पगार मिळतो, पण त्याबदल्यात सात वर्षं सेवा द्यावी लागते. पैसे नाहीत म्हणून गणवेश चढवणारा माणूस त्या सात वर्षांत दुःखी होतो. ज्याला ते काम मनापासून हवं आहे त्याच्यासाठी मात्र याहून चांगली सोय नाही.

फुकट मेडिकल स्कूलबद्दलही विचारलं जातं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने २०१८मध्ये शिकवणी फी रद्द केली. २०२४मध्ये रूथ गोट्समन यांच्या एक अब्ज डॉलरच्या देणगीने आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनने तेच केलं. त्याच वर्षी ब्लूमबर्ग यांच्या देणगीमुळे जॉन्स हॉपकिन्सने वर्षाला ३ लाखांहून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी माफ केली. या जागा इतक्या थोड्या आणि इतक्या चुरशीच्या आहेत, की त्यांच्या भरवशावर कोणी बेत आखू नये. पण काही बीएस-एमडी कार्यक्रम दुसरीकडे अर्ज केला तर राखीव जागा काढून घेतात. असा कार्यक्रम महागही असेल, तर चार वर्षांनी अव्वल ठरलेल्या मुलाने पूर्ण फी भरायची आणि फुकट शाळेचं दार ठोठावायचंही नाही, अशी अवस्था होते. मोकळेपणाने बाहेर अर्ज करू देणारा कार्यक्रम थोडा कमी नावाचा असला तरी मी तो वर ठेवतो.

१ मेपर्यंत कुठल्या तरी एका कॉलेजात अनामत भरायची असते. त्याआधी प्रत्येक कार्यक्रमासाठी एक कागद करावा. त्यावर पदवीची वर्षं आणि मेडिकलची वर्षं वेगवेगळी लिहावीत, मेडिकल स्कूलच्या संकेतस्थळावरचा वर्षाचा पूर्ण खर्च घ्यावा, सरकारी कर्जाचे २ लाख वजा करावेत, आणि उरलेले पैसे कोणाच्या नावावर येणार ते स्पष्ट लिहावं. हा कागद मुलासमोर ठेवावा. आपल्याकडे मुलांपासून पैशाचं बोलणं दूर ठेवण्याची सवय आहे, पण कर्जाच्या कागदावर सही त्याचीच होणार आहे. दोन कार्यक्रम जवळजवळ सारखे असतील, तर ज्याची शेवटची चार वर्षं स्वस्त आहेत तो घ्यावा.